उष्णतेच्या कॅमेऱ्यात दिसलेला हात

आमच्या घरात सांडशी होती, पण ती खिळ्यालाच लटकलेली असायची. उकळत्या आमटीचं पातेलं चुलीवरून उतरवायचं झालं की मी हाक मारायची आणि हे बाहेरून येऊन नुसत्या हातांनी, काठाखाली करंगळीकडच्या कडा लावून ते खाली ठेवायचे. फडकं नाही, काही नाही. माझी आई शेवगावहून आली की हे बघून तोंडात बोट घालायची. "जावईबापूंचा हात हाय का पाटा?" असं मला हळूच विचारायची. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. शेजारणींचे नवरे पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागायचे आणि माझा नवरा उकळतं पातेलं उचलत होता, म्हणजे मी का मिरवू नये?

हे सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कागदाच्या कारखान्यात मिस्त्री होते. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा आणि त्याचा खोक्यांना लागणारा जाड खाकी कागद बनवायचा, असा तो कारखाना. ओला कागद वाफेवर तापलेल्या मोठमोठ्या लोखंडी रुळांवरून फिरत जाऊन वाळायचा. प्रत्येक रुळाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. ते तापून जळालं की रूळ अडकायचा, कागद तुटायचा आणि अख्खं मशीन बंद पडायचं. म्हणून पाळी सुरू झाली की हे रुळांच्या कडेकडेने चालत जायचे, प्रत्येक बेअरिंगवर उजव्या तळव्याची करंगळीकडची कड टेकवायचे आणि जे जास्त तापलेलं वाटेल त्यावर खडूने फुली मारायचे. फुलीवाल्याची दुरुस्ती व्हायची. ज्यावर फुली नाही त्याला "चालू द्या" म्हणायचं आणि पुढे जायचं. तापमान मोजायचं काहीतरी उपकरण साहेबांच्या कपाटात होतं म्हणे, पण मिस्त्रींचा हात असताना ते बाहेर कोण काढणार? नवीन आलेल्या पोरांना सगळे सांगायचे, "मिस्त्री चालू द्या म्हनले ना, मग डोळं झाकून चालू द्यायचं."

त्या कारखान्याचं कँटीन मी चालवत होते. ह्यांच्या शब्दावरच ते मला मिळालं होतं. सकाळी पोहे, दुपारी भाकरी-पिठलं आणि दिवसभर चहा. मुलगा आजोळी शेवगावला शिकायला होता आणि त्याचं शिक्षणही ह्या कँटीनवरच चाललेलं. ह्यांची नोकरी ह्यांच्या हातावर आणि माझं कँटीन ह्यांच्या नोकरीवर, असा आमचा सगळा मांडव एका खांबावर उभा होता. तेव्हा मी तसा विचार करत नव्हते. खांब पक्का वाटत असला की त्याच्याकडे कोण बघतो?

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मशीन वरचेवर बंद पडायला लागलं. बेअरिंग जळायचं, आणि जळायचं ते नेमकं फुली नसलेलं. कारखान्याच्या साहेबांच्या नाकी नऊ आले. त्यांनी ग्रीस बदललं. मग ग्रीस देणारा बदलला. मग बेअरिंग देणाऱ्याला फोनवर इतकं झापलं की कँटीनपर्यंत ऐकू आलं. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, पण ह्यांच्या हाताचा संशय कुणालाही आला नाही. मलाही नाही. उलट मी चहा देताना साहेबांना म्हणाले होते, "साहेब, मालच खोटा येतोय. ह्ये काय करतील?"

शेवटी साहेबांनी पुण्याहून एक माणूस बोलावला. त्याच्याकडे म्हणे उष्णता बघणारा कॅमेरा होता. उष्णता बघायची कशी, ती काय सिनेमा आहे, असं आमचं सगळ्यांचं म्हणणं. सकाळी एक मारुती व्हॅन फाटकातून आत आली. तिच्यातून दोन पेट्या, एक छोटा टीव्ही आणि एक तरुण इंजिनिअर उतरला. उतरला तोच रडवेला चेहरा घेऊन. कॅमेऱ्याच्या डोळ्याला सतत भयंकर गारवा लागतो, तो लिक्विड नायट्रोजन ओतून द्यावा लागतो, आणि त्याचं भांडं वाटेत शिरूरच्या पुढे खड्ड्यात आदळून आडवं झालं होतं. सगळा नायट्रोजन उडून गेला होता. आता परत जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला.

हे शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "नायट्रोजन म्हंजी त्यो धूर निघतो, गाईच्या डाक्टराकडं असतो, त्योच का?"

इंजिनिअरचे डोळे चमकले. आमच्या भागात घरोघर संकरित गाई झालेल्या आणि त्यांना गाभण ठेवण्यासाठी लागणाऱ्या बीजाच्या कांड्या गुरांच्या दवाखान्यात नायट्रोजनमध्येच बुडवून ठेवलेल्या असायच्या. ह्यांनी माझा चहाचा मोठा थर्मास धुऊन पुसून घेतला आणि हे त्या इंजिनिअरला घेऊन दवाखान्यात गेले. येताना थर्मासच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर फुटेल, असं इंजिनिअर सारखा बजावत होता. रद्दी निवडणाऱ्या बायका म्हणाल्या, "वहिनी, आज चहा गाभन ऱ्हातोय बघा." मी त्यांना दम दिला, पण मलाही हसू आवरेना. असा तो दिवस हसण्यात सुरू झाला होता.

कॅमेरा थंड करून नीट लावून बघायला त्याला मोकळी जागा हवी होती, म्हणून त्याने तो माझ्या कँटीनमध्येच मांडला. टीव्हीवर चित्र आलं आणि सगळे एकदम "आई गं" म्हणाले. माणसं दिसत होती, पण भुतासारखी. तोंड पांढरं, नाक काळं, कपडे करडे. जितकं गरम तितकं पांढरं आणि जितकं गार तितकं काळं, असं इंजिनिअरने सांगितलं. माझी चुलीवरची किटली तर पेटल्यासारखी पांढरीफेक. साहेबांचा चष्मा काळा ठिक्कर दिसला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यासारखा. साहेबही हसले.

इंजिनिअर म्हणाला, "ह्याला उजेड लागत नाही. मिट्ट काळोखात झुडपामागे माणूस बसला असेल तरी हा त्याला हुडकून काढतो. लष्कराकडे असतात असे कॅमेरे."

हे ऐकल्याबरोबर रद्दी निवडणाऱ्या बायांमध्ये गडबड उडाली. त्यातली एक तोंडाळ होती, तिने सरळ विचारलं, "ह्यातून लुगड्याच्या आतलं दिसतं का, तेवढं सांगा आदी." इंजिनिअर लाजून लाल झाला. दिसत नाही, देवाशपथ दिसत नाही, असं म्हणाला, तरी अर्ध्या बाया खांबामागे गेल्या. मग त्याने त्यांचा विश्वास बसावा म्हणून एक गंमत केली. भिंतीवर आपला पंजा दाबून धरला आणि काढून घेतला. भिंत कोरी दिसत होती, पण टीव्हीवर भिंतीवर पांढरा पंजा उमटलेला! हात काढल्यावरही ऊब मागे राहते आणि ती कॅमेऱ्याला दिसते. झालं, मग सगळ्यांनाच पंजा उमटवायचा होता. माझी भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पंज्यांनी भरली. मीही उमटवला. पाच बोटं, चांगला ठसठशीत. हळूहळू ते पंजे विझत जायचे आणि आम्ही पुन्हा उमटवायचो. मोठी माणसं, पण जत्रेतल्या पोरांसारखी झालो होतो.

ह्यांनी उजवा पंजा उमटवला. टीव्हीवर अंगठा दिसला, त्याच्या शेजारची दोन बोटं दिसली, आणि पुढे काहीच नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भिंतीवर उमटलंच नव्हतं.

"मिस्त्री, दोन बोटं घरी विसरलात का?" इंजिनिअर म्हणाला.

"गारठा पडलाय, सायेब," हे म्हणाले. त्यांनी हात पुन्हा जोरात दाबला. पुन्हा तीनच बोटं. सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने. "कोनी गिळली बगा ती दोन बोटं," असं काहीतरी मी बोलल्याचंही मला आठवतं. मार्गशीर्षातली सकाळ होती, गारठा खरंच होता. पण बाकी सगळ्यांची बोटं पाचच्या पाच उमटत होती, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

मग पेट्या उचलून सगळे मशीनकडे गेले. मी साहेबांसाठी चहा घेऊन मागून गेले. इंजिनिअर कॅमेरा फिरवत एकेका रुळाच्या टोकाशी थांबत होता. कुठलं बेअरिंग करडं दिसायचं, कुठलं फिकट. एका ठिकाणी तो थांबला. टीव्हीवर ते बेअरिंग माझ्या किटलीपेक्षा पांढरं दिसत होतं. त्यावर फुली नव्हती.

"हे आजच्या आज जळणार," तो म्हणाला.

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी सकाळीच ते तपासलेलं. हे पुढे झाले, त्यावर उजव्या तळव्याची कड टेकवली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्ये कोमट हाय, साहेब. चालू द्या."

"अहो, शंभराच्या आसपास आहे!" इंजिनिअर ओरडला.

आणि मग जे झालं ते आमच्याच लोकांकडून व्हायचं होतं. सगळी पाळी ह्यांच्या बाजूने उभी राहिली. "मिस्त्रींचा हात खोटा बोलायचा न्हाई." "तुमचं मशीन वाटेत आदळलंय, त्येच बिघाडलं आसंल." "गाईचा नायट्रोजन घातल्यावर काय दिसनार, गायच दिसनार." हसणं सुरू झालं. हे हसत नव्हते. त्यांचा हात पणाला लागला होता. इतक्या वर्षांचं नाव चारचौघांत एका पोरगेल्या इंजिनिअरने खोटं ठरवायचं? त्यांनी हात तसाच ठेवला. आणखी दाबलाही. "बगा की," ते म्हणाले, "तापलं आसतं तर ठिवला आसता का?"

मी टीव्हीकडे बघत होते. आधी पांढऱ्याफेक बेअरिंगवर ह्यांचा हात काळा दिसत होता. मग त्या हाताची करंगळीकडची कड उजळायला लागली. मग करंगळी पांढरी झाली. सकाळी भिंतीवर न उमटलेली ती दोन बोटं आता झगझगीत दिसत होती. ह्यांचा चेहरा मात्र होता तसाच, शांत. मला काहीतरी भलतं चाललंय हे कळलं, पण काय ते कळेना. आणि तेवढ्यात वास आला. मी चुलीपाशी बसणारी बाई, मला वास कळतो. तो ग्रीसचा नव्हता.

"अहो, हात काढा!" मी किंचाळले.

ह्यांनी हात उचलला. करंगळीखालची कातडी लोखंडालाच राहिली.

 मी धावत गेले, ह्यांचं मनगट धरलं आणि कडेच्या पाण्याच्या बादलीत हात बुडवला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "आगं, कशाला? काय न्हाई झालं." त्यांच्या आवाजात कळ नव्हती. दात आवळलेले नव्हते. डोळ्यांत पाणी नव्हतं.  आजवर भाजलेली माणसं मी पुष्कळ बघितली होती, पण न दुखणारं भाजणं पहिल्यांदाच बघत होते. इंजिनिअर डॉक्टर बोलवा म्हणून ओरडत होता, साहेबांच्या हातातला चहा तसाच राहिला होता, आणि ह्या सगळ्यांत शांत फक्त माझा नवरा. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतात. आमच्या घरात ज्याचं जळत होतं त्यालाच कळत नव्हतं.

सुप्याच्या डॉक्टरांनी आधी जखम बांधली. मग ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने बोटांना, तळव्याला टोचत विचारत गेले. अंगठ्याला कळलं. मधल्या बोटाला कळलं. करंगळीला टोचलं, पुन्हा टोचलं, हे गप्पच. डाव्या करंगळीलाही जेमतेमच कळलं. डॉक्टरांनी ह्यांचं कोपर वाकवून आतल्या बाजूला चाचपलं आणि माझं बोट तिथे ठेवून दिलं. सुतळीसारखी जाड शीर लागली. माझ्या कोपरात तशी शीर लागत नव्हती. पाठीवर फिकट डाग आहेत का, असं त्यांनी विचारलं. होते. मला माहीत होते. मी त्यांना गजकर्णाचा मलम लावत होते.

मग डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. सरकारी भाषेतला शब्द, कुष्ठरोग. आमच्याकडे त्याला महारोग म्हणतात. सुप्याच्या एसटी थांब्याच्या भिंतीवर गेरूने लिहिलेलं होतं की अंगावर फिकट, बधिर चट्टा असल्यास तपासून घ्या. जाता-येता मी ते वाक्य वाचत होते. पाठीवर तो चट्टा असलेला माणूस शेजारी उभा असताना वाचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! डॉक्टर बोलत होते, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, घाबरू नका. मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

घरी आल्यावर मला ह्यांचा भयंकर राग आला. रडायला यायला हवं होतं, पण राग आला. "सवताचा हात जळतोय ते कळू नये मानसाला?" मी म्हणाले. "काय लाकडाचा होता का हात? कधीपासून कळत न्हाई? मला सांगायला काय झालं होतं?"

ह्यांनी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "कळत न्हाई ह्ये कळनार कसं गं? मला वाटलं, सवय झाली." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तू बी म्हनायचीस की, हात हाय का पाटा."

ते माझ्या आईचं वाक्य होतं, माझं नव्हतं. पण ते मी हौसेने दहा जणींना सांगितलं होतं, एवढं खरं. मग मला सगळं आठवत गेलं. विडी ओढता ओढता ह्यांच्या बोटांपर्यंत जळायची आणि हे बोलतच असायचे. तळव्यावर फोड दिसायचे, मी हळद लावायची, ते म्हणायचे कामाचे हात आहेत, चालायचंच. हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत, तो हात मरत गेला होता आणि आम्ही सगळे त्याची वाहवा करत होतो.

पारनेरच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं सुरू झाली. हे नियमाने गोळ्या घ्यायचे. गोळ्यांनी अंगाचा रंग काळवंडला, पण पुढे रोग गेला, डागही गेले. त्या गोळ्यांवर आज माझी देवापेक्षा जास्त श्रद्धा आहे, आणि कुणी हा आजार लपवताना दिसलं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडते. बोटांतला स्पर्श मात्र परत आला नाही. साहेब चांगले होते, त्यांनी ह्यांना कामावरून काढलं नाही, भांडारात बसवलं. बेअरिंगसाठी तापमान मोजायचं उपकरण कपाटातून बाहेर आलं. शेवगावला मुलाला तपासून घेतलं, तो ठणठणीत निघाला. मला वाटलं, निभावलं.

पण रोगाचं नाव कारखान्यात पोचलंच, आणि एका सकाळी मला दिसलं की एक जण घरून स्वतःचा पेला घेऊन आलाय. स्टीलचा. काही न बोलता त्याने तो पुढे केला आणि मी त्यात चहा ओतला. दुसऱ्या दिवशी आणखी काही पेले आले. पुढच्या आठवड्यात माझे काचेचे ग्लास टेबलावर पालथेच राहिले. पोहे कुणी खाईना. भाकरीचं विचारलं तर "डबा आनलाय, वहिनी" असं उत्तर यायचं. कुणी तोंडाने एक शब्द बोललं नाही. भांडायला आलं असतं तर मी दोन हात केले असते, पण पालथ्या ग्लासांशी भांडणार कशी? ज्या माणसांनी "मिस्त्रींचा हात खोटा बोलायचा न्हाई" म्हणून बोंब मारली होती, तीच ही माणसं. कँटीन बंद पडणार, हे मला समोर दिसत होतं. ते बंद पडलं की मुलाची शाळा गेली, आणि सुप्यात आम्हाला भाड्याने कोण राहू देणार, हाही प्रश्न होता.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी टेबलावर पिठल्याचा डाव आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या मानसाबरोबर पंधरा वर्सं संसार केला मी. एका ताटात जेवले. मला झालं का काय? चहातून व्हनार आसता तर आदी मला झाला आसता!"

 तोंडाळ बाई तेवढी म्हणाली, "कुनाला ठाव, वहिनी. आतून आसतं म्हनं ते."

ते मला लागलं. आणि मग मी ठरवलं की हातच्या काकणाला आरसा कशाला? दवाखान्यातल्या सिस्टर घरच्या माणसांना तपासायला येणारच होत्या. मी निरोप पाठवला की घरी नको, कँटीनमध्ये या. त्या आल्या आणि बिचाऱ्या गोंधळून गेल्या. "असं चारचौघांत तपासत नाहीत, बाई," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "माझ्या अंगाचं मी बगीन. पाठ घरी बगा, हात हितं बगा. सगळ्यांना बगू द्या." त्यांनी आधी सगळ्यांना समजावलं की बहुतेक माणसांना हा आजार होतच नाही, चहाच्या पेल्यातून तर नाहीच, आणि गोळ्या सुरू झालेल्या माणसापासून पसरत नाही. लोक ऐकत होते, पण त्यांचे डोळे माझ्याकडे होते. हेच मला हवं होतं. उद्यापासून माझे ग्लास सरळ होणार होते.

हे भांडारातून आले नाहीत. मीच नको म्हटलं होतं. ह्यांच्यासाठीच चाललंय हे, पण ह्यांनी मान खाली घालून तिथे उभं राहावं, हे मला बघवलं नसतं.

मी स्टुलावर बसले. सिस्टरनी कापसाची बारीक वात केली आणि माझ्या तळव्याला लावून दाखवली. "डोळे मिटायचे. जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. एवढंच."

मी डोळे मिटले. कापूस मनगटाला लागला, मी बोट ठेवलं. कोपराला लागला, बोट ठेवलं. इतका हलका की गुदगुल्या व्हाव्यात, तरी प्रत्येक वेळी माझं बोट बरोबर जागेवर. बाया खुसखुसायला लागल्या. "बगा गं नीट," मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पुन्ना म्हनू नका, आतून हाय म्हनून." कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात जुना आपलेपणा होता. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. उजवा हात झाला. डावा हात मनगटापासून सुरू झाला. मग सिस्टर उठून माझ्या मागच्या बाजूला गेल्या. माझ्या डाव्या बाहीची कड त्यांनी जरा वर सरकवली, तेवढं मला कळलं.

मग काही झालं नाही. मला वाटलं, नवीन वात करत असतील. मी वाट बघत राहिले. बायांचं खुसखुसणं कधी थांबलं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पलीकडून रुळांची घरघर तेवढी ऐकू येत होती, आणि चुलीवर चहा उकळत होता.

"करा की सुरू, सिस्टर," मी म्हणाले. "चहा उतू जाईल माझा."

 मी डोळे उघडले. समोर सगळ्या बाया माझ्या दंडाकडे बघत होत्या, आणि त्या तोंडाळ बाईने पदर तोंडाला लावला होता. मी मान वळवून मागे बघितलं. कापसाची वात माझ्या दंडावर टेकलेली होती, आणि सिस्टर ती हळूहळू गोल फिरवत होत्या.